कासचा वारा आणि कॅमेऱ्यातील प्रतिमा-स्थिरीकरण

सातारच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवरील कासच्या पठारावर पावसाळ्याच्या अखेरीस वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी कॅमेरा घेऊन ओल्या कातळावर गुडघे टेकून बसलेले दिसतात. समोर सीतेची आसवे, गेंद किंवा वायतुरा. आभाळ भरलेले आणि वारा अखंड. परतल्यावर पाहावे तो कित्येक छायाचित्रे अस्पष्ट. जात ओळखण्यास लागणारे केस, शिरा, परागकोश नेमके त्या अस्पष्टतेत हरवतात. २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या या पठारावर फूल खुडणे वर्ज्य. तेव्हा छायाचित्र हाच पुष्कळदा एकमेव पुरावा. दोष मात्र बहुधा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण-यंत्रणेच्या माथी मारला जातो. तो कितपत न्याय्य आहे, हे तिचे कार्य पाहिल्याविना ठरविता येणार नाही.

निरोगी मनुष्याचा हातही सेकंदास साधारणतः ८ ते १२ वेळा सूक्ष्मपणे कापत असतो. शिवाय श्वासाचे व शरीराच्या तोलाचे मंद हेलकावे असतातच. भिंगाचे केंद्रांतर १०० मिलिमीटर असून झडप उघडी असताना कॅमेरा अवघा ०.१ अंश फिरला, तर प्रतिमा सुमारे ०.१७ मिलिमीटर सरकते. एका चित्रबिंदूची रुंदी ०.००६ मिलिमीटर धरल्यास हे सरकणे २८-२९ बिंदूंचे होते. केंद्रांतर वाढेल तसा हा दोष वाढतो. म्हणूनच १०० मिलिमीटरच्या भिंगास १/१०० सेकंदाहून अधिक उद्भासन-काल देऊ नये, असा जुना संकेत आहे.

स्थिरीकरण-यंत्रणेत कंप पावणारी सूक्ष्म घूर्णी असते. कॅमेरा फिरला की कोरिऑलिस प्रेरणेमुळे तिच्या कंपनाची दिशा बदलते व त्यावरून कोनीय वेग कळतो. त्याचे समाकलन करून कोन काढला जातो आणि विद्युत्‌चुंबकाच्या साहाय्याने भिंगसमूहातील एक घटक, अथवा स्वतः प्रकाश-संवेदक, उलट दिशेस सरकविला जातो. कॅननने १९९५ साली बदलत्या भिंगांच्या कॅमेऱ्यासाठी पहिला मार्ग बाजारात आणला. मिनोल्टाने २००३ मध्ये दुसरा. उत्पादक ‘चार पायऱ्यांचा लाभ’ सांगतात, त्याचा अर्थ उद्भासन-काल सोळापट वाढविता येतो इतकाच. येथे समाकलनाची एक मर्यादा आहे. घूर्णीच्या मापनातील अल्पशी चूकही काळाबरोबर साचत जाते. ती टाळण्यासाठी अतिमंद हालचाली गाळून टाकाव्या लागतात. परिणामी, दीर्घ उद्भासनात शरीराचा जो मंद झोका जातो, तो यंत्रणेच्या हाती पुरता लागत नाही.

कासच्या इवल्या फुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. तीन मीटर दूरच्या वस्तूसमोर ५० मिलिमीटरच्या भिंगाचा कॅमेरा एक मिलिमीटर बाजूस सरकला, तर प्रतिमा ०.०१७ मिलिमीटर सरकते. तेच फूल निम्म्या आकाराचे उमटेल इतक्या जवळ गेल्यास हे सरकणे ०.५ मिलिमीटर होते. घूर्णीस केवळ फिरणे कळते, हे सरळ सरकणे कळत नाही. त्यासाठी त्वरणमापक लागतो. २००९ पासून काही निकट-भिंगांत त्याची जोड दिलेली आढळते. त्वरणापासून स्थान काढण्यास दोनदा समाकलन करावे लागते, तेव्हा येथील यश बेताचेच असते.

एवढे सर्व साधले, तरी फूल हलतेच. देठ सेकंदास २० मिलिमीटर वेगाने डोलत असेल, तर निम्म्या विवर्धनात प्रतिमा १० मिलिमीटर वेगाने सरकते. १/६० सेकंदात पुन्हा तेच २८ बिंदू! घूर्णीच्या दृष्टीने कॅमेरा स्थिर आहे, म्हणून ती स्वस्थ असते. यंत्रणेवर विसंबून झडप मंद ठेवणारा विद्यार्थी अशा रीतीने हाताचा कंप टाळून वाऱ्याच्या स्वाधीन होतो. १/१००० सेकंदात हेच सरकणे दोन बिंदूंहूनही कमी होते. त्यासाठी संवेदनक्षमता वाढवून चित्रात थोडी रवाळी आली तरी ती पत्करावी. रव्यांतून केस मोजता येतात, पुसट रेषेतून नाही. वाऱ्याच्या बाजूस धरलेली साधी छत्रीही येथे मोठे काम करते.

सांगलीस प्रश्न उलटा आहे. तेथे हालचालच मोजावयाची असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारख्या प्रसंगी कृष्णेच्या पृष्ठावर वाहणाऱ्या फेसाच्या व पाल्याच्या चलत्‌चित्रावरून प्रवाहाचा वेग काढता येतो. पण चित्रांची तुलना करून चालणारे आकडेमोडीचे स्थिरीकरण चौकटीतील बहुतांश भागास स्थिर समजते. चौकट पाण्यानेच भरलेली असेल, तर ते प्रवाहालाच कॅमेऱ्याचा कंप मानून पुसून टाकू लागते. शिवाय ते प्रत्येक चित्राच्या कडा छाटते आणि प्रसंगी चित्र ताणते, त्यामुळे मापाची पट्टीच बदलते. म्हणून अशा चित्रणात कॅमेऱ्यातील हे स्थिरीकरण बंद ठेवावे, १९२९ च्या आयर्विन पुलाचे खांब किंवा घाटाच्या न बुडालेल्या पायऱ्या यांसारखे किमान चार स्थिर बिंदू चौकटीत घ्यावे, आणि कंपाचे निरसन मागाहून त्या बिंदूंच्या आधारे करावे. पुलावरूनच चित्रण करणाऱ्याने वाहनांच्या येण्याजाण्याने पायांखालचा पृष्ठभागही थरथरतो, हे ध्यानी ठेवावे. त्या वेळी काठावरील खुणा चौकटीत असणे अधिकच अगत्याचे होते.