चित्र घ्यावे, पण विचारून

गतवर्षी संक्रांतीनंतर येथील मंडळाच्या सभागृहात हळदीकुंकू झाले. एका हौशी मुलीने सजावटीचे छायाचित्र घेऊन मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धाडले. मागे आतल्या खोलीचे दार अर्धे उघडे होते आणि तेथे एक सून तान्ह्याला पाजीत बसली होती. कोणाच्या ध्यानी येण्यापूर्वीच ते चित्र परगावच्या नातलगांपर्यंत पोचले. मुलीने रडत क्षमा मागितली, चित्र काढून टाकले. पण दूर गेलेली प्रत परत येत नाही. ती सून पुढील समारंभांस येईनाशी झाली, आणि मंडळात कॅमेऱ्याच्या फोनवर बंदी घालावी काय, असा प्रश्न आम्हांपुढे उभा राहिला.

ही चिंता जुनीच आहे. १८८८ साली कोडॅकचा हाती धरण्याजोगा कॅमेरा निघाला आणि १८९० साली अमेरिकेत वॉरन व ब्रँडाइस या विधिज्ञांनी खासगीपणाच्या हक्कावर लिहिताना झटपट छायाचित्रांचा धोका दाखविला. १९९९ साली जपानमध्ये कॅमेऱ्याचे फोन विक्रीस आले. चोरून चित्रे घेतली जाऊ नयेत म्हणून तेथील उत्पादकांनी चित्र टिपताना आवाज होईल अशी योजना केली. परंतु आवाज कानी पडेतो चित्र निघालेले असते!

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई हे कलम २००९ पासून लागू आहे. संमतीवाचून कोणाच्या गुप्तांगाचे चित्र जाणूनबुजून घेणे वा पसरविणे, यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तथापि कायदा हेतू पाहतो; आमच्या मुलीचा हेतू निर्मळ होता. अनवधानाने होणारी इजा टाळणे हे रीतीभातीचेच काम आहे.

सरसकट बंदी आम्हांस पटत नाही. त्याच फोनमुळे परदेशी असलेल्या लेकीला माहेरचा गणपती दिसतो आणि छळ झालेल्या स्त्रीच्या हाती पुरावा राहतो. बंधन हवे ते जागेला व वागण्याला. विश्रांतीच्या खोलीत फोन नेऊ नये. कोणाचे चित्र घ्यावयाचे तर आधी विचारावे. आणि धाडण्यापूर्वी त्यात मागे कोण आहे ते निरखून पाहावे.

यंदा त्या दाराला पडदा लागला आणि बाहेर फोन ठेवण्यास टोपली आली. पहिला फोन त्या मुलीनेच ठेवला. ती सूनही वाण लुटावयास आली होती.