सोल कुठला हवा, ते नदीचा तळ ठरवतो
(गळ आणि प्रवाह : लेखांक ६)

गेल्या लेखांकात रॉड आणि रिळाचं बोलून झालं. त्यानंतर वाचकांचे जे प्रश्न आले, त्यातला एक जवळपास सगळ्यांचा सारखाच होता. विचारणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त बेंगळुरूत आलेले, हाडाचे ट्रेकर. राजगड, हरिश्चंद्रगड ज्यांच्या जोरावर केले ते ‘अ‍ॅक्शन’चे बूट नदीत गळ टाकायला जाताना चालतील का?

काठावर बसून गळ टाकणार असाल तर खुशाल चालतील. पण गुडघा-मांडीभर पाण्यात उतरून, प्रवाहात पाय रोवून रॉड फिरवायचा असेल, तर नाही चालणार. यात त्या बुटांचा दोष नाही. ते ज्या दगडावर गाजले तो दगड वेगळा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट खरखरीत, वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या बारीक भोकांचा. मऊ रबर त्यात रुततं आणि धरून ठेवतं. बेंगळुरूच्या दक्षिणेला कावेरी वाहते ती ग्रॅनाइट आणि नाइसच्या प्रदेशातून. लालबागेतली टेकडी सगळ्यांनी पाहिलेली असते. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा तो खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला आहे, आणि तो याच कुळातला. अर्कावती जिथे कावेरीला मिळते त्या संगमापासून मेकेदाटूकडे चालत गेलात, तर दर पावसाळ्यात वाळूने घासून घासून गुळगुळीत झालेले धोंडे दिसतील. त्यांवर हात फिरवून पाहा, बोटाला कुठे खाच लागत नाही.

हेच धोंडे पाण्याखाली असले की त्यांच्यावर एक तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. डायटम, शैवाल, जिवाणू आणि त्यांच्यातून सुटणारा चिकट पदार्थ यांचा तो मिळून बनलेला असतो. रबराची सगळी ताकद दगडाशी थेट भिडण्यात आहे. मध्ये हा थर आला की साबणाच्या वडीवर पाय पडावा तशी गत होते. मेकेदाटूला धोक्याचे फलक लावलेले आहेत आणि तरीही तिथे माणसं बुडतात. निसरडा खडक आणि खाली अरुंद घळईत कोंडलेलं खोल पाणी, दोन्ही तिथे एका पावलाच्या अंतरावर आहेत. म्हणून बुटांचा विषय मी रॉडइतकाच महत्त्वाचा मानते.

आता सोल. पाण्यात उतरायच्या बुटांना मुख्यतः चार प्रकारचे सोल मिळतात. साधा रबरी, खिळ्यांचा रबरी, नमद्याचा म्हणजे फेल्टचा, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा. साध्या रबरी सोलचं काम चालण्याचं. कोडगूत कॉफीच्या मळ्यातून नदीपर्यंत उतरणारी तांबड्या चिखलाची वाट असते, तिथे खोल नक्षीचा रबरी सोलच हवा. खिळ्यांच्या सोलमध्ये टंगस्टन कार्बाइडची टोकं असतात. ती बुळबुळीत थर फोडून दगडापर्यंत पोचतात. हिमालयातल्या थंड ओढ्यांत, गोट्यांच्या तळावर यासारखं दुसरं काही नाही. पण कोरड्या, गुळगुळीत ग्रॅनाइटवर तेच खिळे कुरकुरत सरकतात, कारण तिथे फोडायला थर नसतो आणि दगडही सहजी खरवडला जात नाही. अ‍ॅल्युमिनियमचं तंत्र याच्या उलट. हा धातू दगडापेक्षा मऊ, त्यामुळे दगडाचे बारीक कण धातूत रुततात. मोठाल्या, घासलेल्या धोंड्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या फार चांगल्या धरतात. झिजतात मात्र लवकर.

राहिला नमदा. दाबून घट्ट केलेल्या तंतूंचा हा जाड थर बुळबुळीत दगडावर इतका विश्वासाने बसतो की जुने शौकीन दुसऱ्या कशाला हात लावत नसत. तंतू थरात शिरतात, पाणी शोषून घेतात आणि दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणे दबतात. आणि ज्या गुणामुळे तो धरतो तोच त्याचा दोष आहे. एका नदीचं पाणी, चिखल आणि त्यातले सूक्ष्मजीव तो पोटात घेऊन दुसऱ्या नदीपर्यंत नेतो. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या वायाऊ नदीत डिडिमो नावाचं एकपेशीय शैवाल सापडलं. बघता बघता त्याने त्या बेटावरच्या अनेक नद्यांचे तळ मळकट, जाड थराने झाकून टाकले. ओलसर नमद्यात ते दीर्घकाळ तग धरतं हे लक्षात आल्यावर न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २००८ पासून नमद्याच्या सोलवर बंदी घातली. अमेरिकेत अलास्काने २०१२ पासून आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने २०१८ पासून तेच केलं. याबाबत सगळीकडे एकमत आहे असं नाही. व्हर्मॉन्ट राज्याने घातलेली बंदी काही वर्षांत मागेही घेतली. पण एवढं निर्विवाद आहे की चारही सोलमध्ये नमदा सगळ्यात उशिरा वाळतो आणि सगळ्यात अवघड धुतला जातो.

आपल्याकडे अशी बंदी नाही, मग आपण कशाला काळजी करायची, असं काही जण विचारतात. मला वाटतं, कावेरीच्या काठी राहणाऱ्यांनी तर ती सगळ्यांत आधी करायला हवी. या नदीत कुबड्या महाशीर नावाचा मासा आहे. कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो जगात कुठेही नाही. याच खोऱ्यातल्या कबिनीत १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने गळाने धरलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंच्या वर होता. तो विक्रम आजही सांगितला जातो. आज हा मासा आंतरराष्ट्रीय लाल यादीत अति-संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं निश्चित केलं, तोवर त्याला धड शास्त्रीय नावही नव्हतं.

तो इतका का घटला याच्या कारणांत धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग लावून मासे मारणं आहे. पण एक कारण आपल्या लोणावळ्यातून निघालं. वळवणच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात दख्खनच्या महाशीराची पैदास करण्याचं तंत्र बसवलं गेलं, आणि १९७० च्या दशकापासून त्याची बोटुकली कर्नाटकात पाठवून कावेरीत सोडली गेली. दख्खनच्या या महाशीराला खुद्री म्हणतात. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं होतं. हेतू चांगला होता, नदीत मासे वाढावेत हा. खुद्री कावेरीत रुजला, फोफावला, आणि मूळचा कुबड्या मागे पडत गेला. हे आपल्याला कळलं तेही गळवाल्यांमुळेच. १९७२ मध्ये बेंगळुरूत स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडियाने नदीचा एक पट्टा भाड्याने घेऊन राखला होता. त्या भागात धरलेला मासा वजन करून परत सोडायची शिस्त होती. गालिबोरच्या कॅम्पवर १९९८ ते २०१२ या काळात २३,६२० तासांच्या मासेमारीत धरलेल्या ६,१६१ महाशीरांची नोंद वहीत राहिली, आणि तिच्यातून शास्त्रज्ञांना कुबड्याची घसरण दिसली.

बोटुकली हेतूने सोडली गेली होती. बुटातून जे जातं ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. जगात अनेक ठिकाणी बेडकांच्या जाती संपवणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांवर आढळलेली आहे, आणि तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. शनिवारी कोडगूत आणि पुढच्या शनिवारी निलगिरीत जाणाऱ्या माणसाच्या ओल्या बुटांना मी म्हणूनच घाबरते. नमद्याचा सोल घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

बदलता सोल इथे कामी येतो. बूट एकच, खालचे सोल काढता-घालता येणारे. ही पद्धत सगळ्यात जास्त रुळवली ती अमेरिकेतल्या ओरेगनच्या ‘कॉर्कर्स’ कंपनीने. बाकीच्या बहुतेक कंपन्या सोल बदलण्याऐवजी रबरी सोलमध्ये स्क्रूने खिळे किंवा पट्ट्या बसवायची सोय देतात. कॉर्कर्सच्या बुटात सोलच्या वरच्या अंगाला रबराच्या जिभा असतात आणि बुटाच्या तळाला त्यांच्या खाचा. आधी पुढचं टोक अडकवायचं, मग जिभा एकेक करून अंगठ्याने दाबत मागे यायचं आणि शेवटी टाचेवरचा पट्टा ताणून खुंटीवर चढवायचा. सोपं वाटतं, पण खाचेत वाळूचा एक भरड कण राहिला तरी जीभ पूर्ण बसत नाही. वरून कळत नाही. चिखलात पाय फसला आणि जोराने उपसला की सोल खाली राहतो आणि बूट वर येतो. कावेरीची वाळू ग्रॅनाइटची, भरड आणि टोकदार. तेव्हा जुना टूथब्रश पिशवीत ठेवा आणि सोल चढवण्याआधी प्रत्येक खाच घासून घ्या. चढवल्यावर बूट हातात घेऊन पुढचं टोक जोरात ओढून पाहा.

आमच्या नद्यांवर सोल बदलण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. कावेरीवर पल्याडच्या खडकापर्यंत जायचं तर हरिगोल, म्हणजे बांबूच्या विणीची गोल होडी. पूर्वी तिला कातडं मढवत, आता प्लास्टिकचं कापड किंवा फायबर. खिळ्यांचे बूट घालून हरिगोलात पाय ठेवलात तर नावाडी तुम्हाला उतरवेल, आणि त्याचं बरोबर आहे. होडीत साधा रबरी सोल आणि खडकावर पोचल्यावर पट्ट्यांचा, हे एकाच बुटात जमतं ते फक्त बदलत्या सोलमुळे.

घ्यावेत का? वर्षातून एक-दोनदाच आणि एकाच नदीवर जात असाल, तर नका घेऊ. हे बूट साधारण दीडशे ते अडीचशे डॉलरना मिळतात, त्यावर आयात कर, आणि जास्तीचे सोल वेगळे. त्यापेक्षा पाण्यात उतरायचे चांगल्या रबरी सोलचे बूट आणि स्क्रूचे खिळे तुम्हाला पुरतील. पण बेंगळुरूहून कोडगू, निलगिरीतले ट्राउटचे ओढे आणि हिमाचलातली तीर्थन, अशा तिन्ही ठिकाणी जाणाऱ्याला तीन बूट घेण्यापेक्षा एक बूट आणि दोन सोल परवडतात. साधा रबरी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा अशी जोडी कर्नाटकातल्या माणसाने आधी घ्यावी. हिमालयात नियमित जाऊ लागलात की खिळ्यांचा तिसरा.

माप घेताना बहुतेकांचं चुकतं. थंड पाण्यासाठी वेडर, म्हणजे पायमोज्यासकट असलेली जलरोधक विजार, घालतात. त्याच्या पायमोज्याची जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात वेडरची गरज नाही, पटकन वाळणारी पँट आणि निओप्रीनचे मोजे बास. दोन्ही बाबतींत रोजच्या मापापेक्षा एक नंबर मोठा बूट लागतो. तोच मोजा घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना बूट चढवून पाहा. बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. बूट कातड्याचा नको, कृत्रिम चामड्याचा घ्या. तो पाणी पीत नाही आणि पावसाळ्यात बुरशी कमी धरतो. आणि घेतल्यावर वापरा. पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला की न वापरताच भुसभुशीत होतो आणि ऐन नदीत सुटतो.

धुण्याची पद्धत न्यूझीलंडवाल्यांनी घालून दिली आहे तीच पाळा. नदीवरच गाळ आणि शेवाळ खरवडून काढा. घरी सोल वेगळे करून बूट भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात भिजवून धुवा. हाताला कोरडे लागले की त्यानंतर आणखी ४८ तास वाळू द्या. बदलत्या सोलचा मोठा फायदा इथेच आहे. खाचांत दडलेला ओलावा सोल काढल्यावर उघडा पडतो.

शेवटी परवान्याचं. भीमेश्वरी, गालिबोर, दोड्डमकळी ही नावं जुन्या पुस्तकांत वाचून कुणी निघणार असेल तर थांबा. तो भाग कावेरी वन्यजीव अभयारण्यात येतो आणि तिथे आता गळ टाकायला मनाई आहे. मासा परत सोडणार असलात तरीही. इतरत्र त्या त्या राज्याच्या मत्स्यखात्याचा परवाना घ्या. कावेरीत मगरी आहेत आणि वरच्या धरणातून, वीजघरातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. कितीही चांगला सोल असला तरी स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते. तीर्थनसाठी बूट घेणार असाल तर याच महिन्यांत मागवा, म्हणजे माप चुकलं तर बदलून घ्यायला वेळ मिळेल. प्रवाहात आधाराला घ्यायची काठी आणि कमरेचा पट्टा यांबद्दल पुढच्या लेखांकात.