साहेब, डीओ पडतोय!

फर्मेंटेशनच्या कारखान्यात रात्रपाळीला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. डीओ म्हणजे द्रवात विरघळलेला ऑक्सिजन. टाकीत जिवाणू दाटू लागले की मीटरवरचा आकडा घसरतो आणि कॉम्प्रेसर, ॲजिटेटर यांच्यामागे आमची धावपळ सुरू होते. माझी नोकरी बरीचशी यातच गेली.

दुखणं मुळातलंच. ऑक्सिजन पाण्यात फारसा विरघळतच नाही. लिटरभर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. ३७ अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ७. दाट वाढलेले ई. कोलाय एवढा साठा काही सेकंदांत फस्त करतात. मग साखर पुरती जळत नाही, ॲसिटिक आम्ल साचतं, वाढ खुंटते. हवा जास्त सोडावी तर फेस वर येतो, ॲजिटेटर जोरात फिरवावा तर वीजबिल.

कॅलटेकमध्ये जेम्स बेली आणि त्यांचा विद्यार्थी चैतन खोसला यांनी टाकी सोडून जिवाणूकडेच लक्ष वळवलं. खोसला १९८५ साली पवईच्या आयआयटीतून केमिकल इंजिनिअर होऊन तिकडे गेलेले. हे काम आमच्या जातकुळीतल्या माणसाने केलं, याचं मला उगाचच बरं वाटतं.

गुण उसना घेतला तो विट्रिओसिला नावाच्या जिवाणूकडून. साचलेली डबकी, शेण, कुजका पाला, म्हणजे ऑक्सिजनची वानवा असेल तिथे हा राहतो. शिकागोचे डेल वेबस्टर त्याच्यातल्या एका प्रथिनामागे १९६० च्या दशकापासून लागले होते. ते सायटोक्रोम असावं असा समज होता. १९८६ साली त्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम लागला आणि ते चक्क हिमोग्लोबिन निघालं! रक्ताचा थेंब नसलेल्या जिवाणूत हिमोग्लोबिन.

त्याचा जीन खोसला आणि बेली यांनी ई. कोलायमध्ये घातला. १९८८ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आला: ऑक्सिजन कमी असताना हे जिवाणू साध्या भावंडांपेक्षा जलद वाढतात आणि जास्त दाट होतात. हे प्रथिन ऑक्सिजन पकडून श्वसनाच्या एन्झाइमांपर्यंत पोचवतं, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. पुढे प्रतिजैविकं बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्येही हाच जीन घालून पाहिला गेला.

मला सगळ्यात आवडलं ते या जीनचं बटण. ऑक्सिजन घटला की ते आपोआप चालू होतं. भरपूर हवा असताना हे प्रथिन बनवणं म्हणजे जिवाणूवर फुकटचा भार. तेव्हा फायदाही फारसा दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या लहान भांड्यात हवा सगळीकडे पोचते. हजारो लिटरच्या टाकीचं तसं नसतं. हवा तळाशी स्पार्जरमधून येते, त्याच्यापासून दूरच्या भागात डीओ कमी पडतो, आणि प्रत्येक जिवाणू फिरत फिरत त्या भागातूनही जातो. तिथे ॲजिटेटरचा वेग वाढवूनही फार काही साधत नाही. जिवाणूच्या अंगातच सोय असेल तर साधतं.