मोहल्ला समिती

मोहल्ला समिती : भिन्नधर्मीयांच्या संमिश्र वस्तीत परस्परविश्वास टिकवून दंगलींना आळा घालण्यासाठी रहिवासी व पोलीस यांनी मिळून चालविलेली स्थानिक समिती. तिचा विशेष उल्लेखनीय प्रयोग भिवंडी (जि. ठाणे) येथे झाला.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. सूत, विणकाम व कापडाची विक्री या व्यवसायांत हिंदू व मुस्लिम एकमेकांवर अवलंबून असले, तरी केवळ व्यवहाराचे संबंध शांततेस पुरेसे ठरले नाहीत. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती दि. प. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. १९८४ मध्ये शहरात पुन्हा दंगल झाली.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी सु. ७० मोहल्ला समित्या स्थापन केल्या. पूर्वीच्या शांतता समित्या तणाव निर्माण झाल्यावर बोलाविल्या जात आणि त्यांत प्रतिष्ठितांचाच भरणा असे. मोहल्ला समितीत मात्र दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांना समान स्थान देण्यात आले व तिच्या बैठका शांततेच्या काळातही होत राहिल्या. किरकोळ तंटे, सणांच्या मिरवणुका व अफवा यांविषयी तेथे मोकळेपणाने चर्चा होई. त्यामुळे शेजाऱ्यांची ओळख वाढली, पोलिसांविषयीची भीती ओसरली आणि अफवेची शहानिशा त्वरित करता येऊ लागली.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर या रचनेची कसोटी लागली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत मुंबईत ९०० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. भिवंडी मात्र शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भिन्नधर्मीयांच्या संघटित नागरी संबंधांचे उदाहरण म्हणून या प्रयोगाची दखल घेतली. मुंबईतही १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्यूलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशा समित्यांची चळवळ सुरू झाली.

या रचनेला मर्यादाही आहेत. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत संघर्ष झाला. त्यात दोन पोलीस जमावाकडून मारले गेले व गोळीबारात दोन नागरिक मृत्यू पावले. या वेळचा तेढीचा विषय दोन समाजांमधील नसून रहिवासी व पोलीस यांच्यातील होता. एखाद्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी राहिलेली समिती त्याच्या बदलीनंतर निष्क्रिय होण्याचा धोका असतो. सामाजिक एकोपा संकटकाळी एकाएकी निर्माण करता येत नाही. दैनंदिन संपर्कातूनच तो जोपासावा लागतो, हे या प्रयोगाचे सार होय.