आधी गिऱ्हाईक, मग यंत्र : काडीवरच्या केकचा हिशेब



हल्ली गटांच्या मासिक बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. मोबाईलवर कुणीतरी एक छोटं विजेचं यंत्र पाहिलेलं असतं. त्यात पीठ ओतायचं, झाकण लावायचं आणि पाच मिनिटांत लिंबाएवढे गोल केक बाहेर काढायचे. मग काडी टोचून, चॉकलेटमध्ये बुडवून विकायचे. याला केक पॉप म्हणतात. "ताई, गटाच्या पैशातून हे यंत्र घेऊ का?" असं बायका विचारतात. आज याच यंत्राबद्दल बोलू. ते चालतं कसं, त्यात केक करायचा कसा, आणि त्यातून आपल्या हातात खरंच काय पडतं, हे एकेक करून पाहू.

आधी एक गंमत सांगतो. काडीवरचा केक जगाला आवडायला लागला तो यंत्रामुळे नव्हे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अँजी डडली या बाईंनी २००८ च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला. तयार केक कुस्करायचा, त्यात थोडं क्रीम मळायचं, लाडूसारखे गोळे वळायचे, काडी टोचायची आणि चॉकलेटमध्ये बुडवायचं, अशी त्यांची रीत होती. म्हणजे मूळ पदार्थ हाताने वळलेला. केकचा लाडूच म्हणा ना! गोळे थेट भाजून देणारी यंत्रं नंतर बाजारात आली.

हे यंत्र म्हणजे दोन आप्पेपात्रं समोरासमोर ठेवल्यासारखं असतं. खालच्या तव्याला खळगे, वरच्या झाकणालाही तसेच खळगे, आणि दोन्हीकडे तापणारी तार. कुठल्यात ७ खळगे असतात, कुठल्यात १२. आप्पेपात्रात उष्णता फक्त खालून लागते, म्हणून आपण आप्पे उलटतो. यंत्रात ती दोन्ही बाजूंनी लागते, म्हणून उलटावं लागत नाही आणि गोळा सगळीकडून सारखा भाजतो. यंत्राचा खरा फायदा एवढाच आहे. चव यंत्र देत नाही, ती पिठातून येते.

आता पीठ कसं करायचं ते बघू. बिनअंड्याच्या साधारण २५ गोळ्यांसाठी मैदा १२५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, घट्ट आणि ताजं दही १२० ग्रॅम, तेल ६० मिली, दूध ६० मिली, बेकिंग पावडर पाऊण चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलची पूड घ्या. मैदा, पावडर, सोडा आणि मीठ एकत्र दोनदा चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात दही आणि साखर घोटा. त्यात तेल आणि दूध घाला. मग चाळलेला मैदा घालून हलक्या हाताने एकजीव करा. फार घोटू नका, नाहीतर मैद्याला चिवटपणा येतो आणि केक रबरासारखा लागतो. चमच्यातून जाडसर धार पडेल इतपत पीठ सैल ठेवा.

मैद्यातला तिसरा हिस्सा काढून तेवढं नाचणीचं पीठ घातलं तरी चालतं. त्याहून जास्त घातलं तर गोळा भुसभुशीत होतो आणि काडीवर टिकत नाही, कारण नाचणीला मैद्यासारखा चिकटपणा नसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे सुटायला लागतात आणि त्यानेच केक फुगतो. पण ७ खळग्यांच्या यंत्रात २५ गोळे करायला चार घाणे लागतात. एका घाण्याला भाजायला पाच मिनिटं आणि काढून भरायला दोन, अशी सात मिनिटं धरली तर शेवटचं पीठ वीस मिनिटांहून जास्त थांबतं. तोवर बुडबुडे निघून जातात आणि शेवटचे गोळे दडस होतात. म्हणून ओलं आणि कोरडं साहित्य वेगळं तयार ठेवा आणि दोन घाण्यांपुरतंच पीठ एका वेळी कालवा.

यंत्राचा दिवा सांगेपर्यंत ते तापू द्या. खळग्यांना तेलाचा हात फिरवा. खालचा खळगा काठोकाठ भरा. कमी भरला तर वरची बाजू सपाट राहते, गोल होत नाही. जास्त भरला तर पीठ बाहेर येऊन गोळ्याला कड येते आणि यंत्रही खराब होतं. झाकण लावल्यावर तीन मिनिटं उघडू नका. चौथ्या-पाचव्या मिनिटाला दात कोरायची काडी खुपसून बघा. ती कोरडी निघाली की गोळे लाकडी काडीने उचला. सुरी किंवा लोखंडी उलथनं लावू नका, त्याने न चिकटणारा थर खरवडला जातो. काम झालं की प्लग काढा, यंत्र गार होऊ द्या आणि ओल्या फडक्याने पुसा. पाण्यात बुडवायचं नाही.

आता विजेचं बघू. अशी यंत्रं बहुधा ७०० ते १००० वॅटची असतात. ८०० वॅटचं यंत्र तासभर सलग चाललं तर ०.८ युनिट वीज लागते. मधे मधे ते आपोआप बंद होतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. वीजबिलाची धास्ती घ्यायचं कारण नाही. काळजी दुसऱ्या दोन गोष्टींची घ्या. पहिली म्हणजे अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटलाच यंत्र लावा. एकाच बोर्डावर इस्त्री, शेगडी आणि हे यंत्र एकदम नको. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. गावात संध्याकाळी दिवे मिणमिणतात, ते आपण रोज पाहतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आलं तर यंत्राची उष्णता थोडीथोडकी नाही, जवळपास ४० टक्क्यांनी घटते. मग पाच मिनिटांचा घाणा आठ-नऊ मिनिटांवर जातो आणि गोळा भाजण्याऐवजी सुकतो. म्हणून ज्या वेळी दाब चांगला असतो त्याच वेळी भाजणीचं काम उरका. आणि घड्याळापेक्षा काडीची परीक्षा खरी माना.

गोळे पूर्ण गार झाले की चॉकलेटचं काम. आपल्याला कंपाउंड चॉकलेटची लादी सोयीची पडते, कारण ती वितळवून लावली की फार खटाटोप न करता पुन्हा घट्ट होते. गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं कोरडं भांडं ठेवून ती वितळवा. त्यात पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये, नाहीतर चॉकलेट गुठळी धरतं. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात अर्ध्यापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटं घट्ट होऊ द्या. मग गोळा बुडवा आणि जास्तीचं चॉकलेट निथळू द्या. फ्रिजमधून काढलेला थंडगार गोळा लगेच बुडवला तर वरच्या थराला तडे जातात. तयार गोळे उभे ठेवायला पुठ्ठ्याचं खोकं उलटं करून त्याला भोकं पाडा.

काड्या कागदाच्या किंवा लाकडाच्याच घ्या. कँडीच्या आणि आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या काड्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. स्वस्त मिळतात म्हणून प्लास्टिकच्या काड्या घेतल्या तर दंड आपल्यालाच भरावा लागेल. आणि मार्च ते जून, पारा चाळिशीकडे निघाला की चॉकलेटचा नाद सोडा. ते पिशवीतच पातळ होतं. त्या दिवसांत गोळ्याला साखरेच्या पाकाचा हात लावून खोबऱ्याच्या किसात घोळवा. अगदी लहान मुलांना मात्र काडी काढून, गोळ्याचे तुकडे करूनच द्या.

विकायचं ठरलं तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. आपल्यासारख्या छोट्या उद्योगाला साधी नोंदणी पुरते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत पदार्थाचं नाव, घटक, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ते, गटाचा पत्ता आणि हिरवी शाकाहारी खूणही टाकायची. मैदा आणि दूध काहींना सोसत नाही, म्हणून तेही स्पष्ट लिहा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र घ्यायचं का? त्यासाठी १०० गोळ्यांचा हिशेब मांडू. इथले भाव उदाहरणादाखल धरलेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला. मैदा २० रुपये, साखर २०, दही ४०, दूध १५, तेल ३५, बाकी किरकोळ १५. झाले १४५. चॉकलेट एक किलो ३००, काड्या ६०, पाकिटं आणि चिठ्ठ्या ५०, वीज १०. एकूण ५६५. यंत्र समजा २००० रुपयांचं आणि ते ४००० गोळे करून देईल असं धरलं, तर गोळ्यामागे ५० पैसे, म्हणजे शंभराला ५० रुपये झीज. झाले ६१५. एक गोळा पडला सव्वासहा रुपयांच्या आत. दहाला विकला तर पावणेचार रुपये नफा, असं वाटून बैठकीत सगळ्यांचे चेहरे खुलतात.

पण या हिशेबात एक आकडा राहिलाय. तो म्हणजे आपली मजुरी. पीठ कालवायला २० मिनिटं. १२ खळग्यांचं यंत्र तासाला आठ घाणे, म्हणजे ९६ गोळे देतं, तेव्हा भाजायला एक तास. काडी टोचून चॉकलेटमध्ये बुडवायला गोळ्यामागे एक मिनिट धरलं तरी १०० मिनिटं. पाकिटं भरणं आणि धुणंपुसणं आणखी एक तास. बेरीज होते ४ तास. नीट बघा, यंत्राने वाचवलं ते भाजायच्या एका तासातलं उलटायचं काम. बाकीचे तीन तास हातांचेच आहेत. यंत्र ७ खळग्यांचं असेल तर तासाला ५६ गोळे होतात, म्हणजे वेळ अजून वाढला.

तासाला ६० रुपये मजुरी धरली तर ४ तासांचे २४०. शंभर गोळ्यांचा खरा खर्च झाला ८५५ रुपये. दुकानदाराला दहा रुपयांच्या गोळ्यामागे दोन रुपये दिले तर हातात येतात ८००. म्हणजे शंभरामागे ५५ रुपयांचा तोटा! मजुरी न धरता वहीत १८५ रुपये नफा दिसतो, तो नफा नाहीच. ती कुणा एका बाईची तासाला ४६ रुपयांवर आणलेली मजुरी आहे. तेच गोळे वाढदिवसाच्या मागणीवर थेट १५ रुपयांना गेले, तर १५०० रुपये येतात आणि मजुरी देऊनही ६४५ रुपये गटाकडे उरतात. पदार्थ तोच, कष्ट तेच. फरक पडला तो कुणाला आणि कशा भावाने विकलं याचा.

आणखी एक विचारा. यंत्र राहणार कुणाच्या घरी? ज्या घरी राहील तिथेच बिल येतं, तिथलाच ओटा अडतो, आणि बहुतेक वेळा त्या घरची सून रात्री उशिरापर्यंत काड्या टोचत बसते. "घरच्या घरीच तर करतोय," असं म्हणत तिचे तास कुणी मोजत नाही. म्हणून यंत्र घेण्याआधी गटाच्या वहीत दोन ओळी लिहा. वीज आणि जागेचे पैसे त्या घराला किती, आणि काम करणारीला तासाला किती. नफ्याचं वाटप त्यानंतर.

आमचं सांगणं असं की सुरुवात घरातल्या आप्पेपात्रापासून करा. मंद आचेवर, झाकण ठेवून, एकदा उलटून हाच केक उत्तम होतो. तेही नको असेल तर केक कुस्करून लाडूसारखे वळा. त्यातून पहिले १०० गोळे करा, मागणी आधी घेऊन विका, आणि कुणी किती तास काम केलं ते रोज वहीत टिपा. सलग दोन-तीन महिने मागणी पुरवताना उलटायला हात पुरेनासे झाले, तर यंत्रासाठी गटातून कर्ज जरूर घ्या. त्याचा हप्ता कुठून येणार हे तेव्हा तुमच्याच वहीत लिहिलेलं असेल. मागणी नसेल तर दोन हजार रुपये वाचले, आणि पोरांनी केक खाल्ला तो खाल्लाच.

पुढच्या बैठकीत यंत्राचा विषय निघाला, की आधी वहीतलं तासांचं पान उघडा. त्यावर सगळ्या जणी मिळून बोला आणि मगच ठराव करा.