बेगमी : मीठ, मध आणि हवाबंद बाटली

माझे माहेर पेणचे आणि सासर रोह्याचे. पेणचा उन्हाळा म्हणजे अंगणभर पापड-मिरगुंडे आणि लोणच्यासाठी आणलेले मिठागरातले जाडे मीठ. रोह्याची थंडी म्हणजे वाल. शेताच्या बांधावर पोपटी लागते, भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात शिजलेल्या शेंगांचा वास हातांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. त्या ओल्या दाण्यांची चव भर पावसातही मिळावी, या हव्यासातून माझा हा अभ्यास सुरू झाला. माझी पदवी वाणिज्य शाखेची. पुढे जे लिहिते आहे ते वाचनालयात, स्वयंपाकघरात आणि मुख्यतः चुकांतून शिकलेले आहे.

पहिली चूक आधी सांगते. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी ओले वाल सोलून काचेच्या आठ बाटल्यांत भरले, वर मिठाचे पाणी ओतले, झाकणे लावली आणि मोठ्या पातेल्यात तासभर उकळल्या. निवल्यावर झाकणे आत ओढली गेली, घट्ट बसली. पाणी स्वच्छ, दाणे हिरवे. दोन बाटल्या पुण्याला मुलीकडे पाठवल्या. तिची लेक तेव्हा पाच महिन्यांची होती, म्हणून सोबत सुधागडच्या डोंगरातून मध आणणाऱ्या कातकरी बाईकडून घेतलेली मधाची बाटलीही दिली, बाळाला चाटवायला.

दहा-बारा दिवसांनी अन्न टिकवण्यावरचे एक पुस्तक वाचत होते. रात्रीचे अकरा वाजले होते. एक प्रकरण संपवून मी तडक पुण्याला फोन लावला.

“वालाच्या बाटल्या उघडल्यास का गं?”

“एक उघडली. उसळ केली. का?”

“दुसरी उघडू नकोस. आणि बाळाला मध दिलास?”

“अजून नाही. रविवारी देणार होते.”

तो फोन का करावा लागला, ते नीट समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

बाटलीत अन्न कोंडून उकळण्याची युक्ती फ्रान्समधल्या निकोला अपेरची. तो मिठाई बनवणारा होता. या शोधासाठी १८१० मध्ये त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. पण अन्न का टिकते, हे त्याला ठाऊक नव्हते. सूक्ष्मजीवांचा खुलासा पुढे पाश्चरच्या काळात झाला. आपणही बहुतेक जणी अजून अपेरच्याच जागी उभ्या आहोत : झाकण घट्ट बसले म्हणजे काम फत्ते, असे मानणाऱ्या.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात आणि हवा नसेल तिथेच तो वाढतो. म्हणजे मी पातेल्यात त्याचे सगळे स्पर्धक मारले, हवा बाहेर काढली आणि त्याला एकट्याला घर बांधून दिले. त्याचे विष मज्जातंतूंवर हल्ला करते. दृष्टी दुहेरी होते, गिळता येत नाही, पुढे श्वास थांबतो. झाकण फुगले किंवा वास आला तर बाटली फेकायचीच, पण कधीकधी वास, चव, रंग यांपैकी काहीच बदलत नाही. हे विष चांगले दहा मिनिटे उकळले तर नष्ट होते. मुलीने उसळ अर्धा तास शिजवली होती. बाटलीत विष तयार झाले होते का, हे मला कधीच कळणार नाही. उरलेल्या सात बाटल्या न उघडताच टाकल्या.

या जिवाणूला रोखण्याचे मार्ग मोजके आहेत. पहिला आंबटपणा : सामू ४.६ पेक्षा कमी असेल तर तो वाढत नाही. दुसरा मीठ : पाण्यात सुमारे दहा टक्के असले की तो थांबतो. तिसरा कोरडेपणा : पाणीच नसेल, किंवा साखरेने ते बांधून ठेवले असेल, तर त्याला प्यायला काही उरत नाही. चौथा उष्णता : १२१ अंश सेल्सियस, आणि तीही बाटलीच्या मध्यापर्यंत पोहोचलेली. घरातला कुकर तिथवर जातो असे वाटते, पण त्याला दाब दाखवणारा काटा नसतो, तो झटकन तापतो आणि झटकन निवतो. बाटलीच्या पोटात काय झाले, हे शिट्ट्या मोजून कळत नाही.

आता आईच्या फडताळाकडे पाहा. कैरीचे लोणचे : आंबट, शिवाय किलोला दीड-दोनशे ग्रॅम मीठ. आमसुले : आंबट, खारवलेली, वर वाळवलेली. फणसाचे साठ आणि सुकट : कोरडी. मुरंबा : आंबट फळ आणि घट्ट पाक. प्रत्येक बरणीत एक तरी पहारेकरी आहे, बहुतेकींत दोन. चिनी मातीच्या बरणीवर बांधलेला दादरा हवा अडवत नव्हता. तो धूळ आणि किडे अडवत होता. राखण मीठ-आंबट करत होते.

मधही असाच. मधमाश्या मकरंदातले पाणी पंख हलवून आटवतात. चांगल्या मधात ओलावा २० टक्क्यांहून कमी असतो, शिवाय तो मुळात आंबट. म्हणून मधात काही वाढत नाही. पण ‘मधात घाला, टिकेल’ हे अर्धेच खरे. आवळे मधात घातले की दोन-तीन दिवसांत आवळ्याचे पाणी सुटते आणि मध पातळ होतो. पातळ झालेला मध फसफसतो. आपल्या कोकणच्या दमट हवेत उघडा राहिलेला मधही पाणी ओढतो. मी आवळे वाफवून, पुसून, सावलीत सुकवून मधात घालते. तिसऱ्या दिवशी सुटलेला पातळ रस काढून त्याचे सरबत करते आणि नवा घट्ट मध ओतते. आवळा मुळातच आंबट, म्हणून इथे भीती फसफसण्याची आहे, विषाची नाही. लसणाचे तसे नाही. लसूण आंबट नाही, त्याच्या पाण्याने मध पातळ होतो आणि बरणी बंद असते, म्हणजे पुन्हा वालाचीच गोष्ट. मी लसूण मधात मुरवत नाही.

आणि बाळाचा मध. मधात तो जिवाणू वाढत नाही, पण त्याचे बीजाणू निपचित पडून राहू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मिळू शकतो. हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. मध उकळूनही बीजाणू मरत नाहीत. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही नको. जातकर्मात मध-तूप आहे, हे मला माहीत आहे. आमच्या घरी आता मध बाळाच्या आईला चाटवतात.

बाटल्या टाकल्या त्या दिवशी सासूबाई ओसरीवर बसून सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, वालाला ऊन दाखवायचं असतं. कोंडायचं नसतं.” मग आतून डबा आणला. खडखडीत वाळवलेले, राख चोळलेले कडवे वाल. जूनच्या पहिल्या पावसात ते भिजवले, मोड आणले, सोलून बिरडे केले. पोपटीची चव त्याला नव्हती. ती थंडीतच मिळते, हे मी आता मान्य केले आहे.