निळ्या वनस्पती, उद्यानातील

निळी फुले किंवा निळसर पर्णे यांसाठी बागेत लावल्या जाणाऱ्या शोभिवंत वनस्पती. उष्ण कटिबंधी शैलीच्या उद्यानात तांबड्या, पिवळ्या व नारिंगी रंगांचे प्राबल्य असते. त्यांच्या जोडीला निळा रंग दिल्यास बागेचा भडकपणा कमी होतो. संधिप्रकाशात तांबडी फुले लवकर काळवंडतात, तर निळी अधिक वेळ उठून दिसतात. मात्र निळेपणाचे कारण ध्यानात घेऊन वनस्पतीची निवड व तिची जागा ठरवावी लागते.

निळी फुले : फुलांतील निळी छटा बहुधा डेल्फिनिडीन गटातील अँथोसायनीन रंगद्रव्यांमुळे येते, कोशिकारसाची अम्लता, धातूंचे आयन व सोबतची रंगहीन द्रव्ये यांनुसार ती बदलते. गुलाबात डेल्फिनिडीन बनत नसल्याने केवळ संकराने निळा गुलाब मिळत नाही. गोकर्ण ही शिंबावंत वेल गडद निळ्या फुलांसाठी कुंपणावर किंवा मांडवावर चढवितात. तिची लागवड बियांपासून होते. मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील निळ्या चित्रकास फिकट निळे झुबके येतात; फुले नव्या फुटीवर येत असल्याने त्याची छाटणी करतात. दक्षिण अमेरिकेतील नीलमोहर (जॅकरंडा) कोरड्या पठारी हवेत चांगला बहरतो. दमट किनारपट्टीवर त्याला फुले कमी येतात. उथळ तळ्यासाठी निळे उत्पल योग्य ठरते. या सर्वांस भरपूर ऊन लागते.

निळी पर्णे : यांचे दोन प्रकार असून त्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. मादागास्करमधील बिस्मार्किया ताड व घायपाताच्या काही जाती यांचा निळसरपणा पर्णांवरील मेणचट थरामुळे येतो. त्यांस ऊन व पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते; पाने चोळून पुसल्यास थर निघून हिरवा रंग उघडा पडतो. बिस्मार्कियाचा विस्तार मोठा असल्याने तो लहान बागेत लावू नये. याउलट आग्नेय आशियातील मोराच्या पिसाऱ्यासारखी चमकणारी सिलाजिनेला ही नेचासदृश वनस्पती दाट सावलीत वाढते. तिच्या पर्णांत निळे रंगद्रव्य नसते. पर्णपृष्ठावरील अतिशय पातळ स्तरांमुळे प्रकाशाचे व्यतिकरण होऊन निळी झाक दिसते. पान ओले झाल्यावर ती तात्पुरती नाहीशी होते व कडक उन्हात वाढलेल्या पर्णांत ती येत नाही.

दक्षता : केवळ फुलांच्या सौंदर्यावरून निवड करणे धोक्याचे असते. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी निळसर जांभळ्या फुलांसाठी अनेक देशांत नेण्यात आली व तेथील जलाशयांत झपाट्याने पसरली. तिने जलमार्ग व भातशेती यांस इतका उपद्रव दिला की, बंगालमध्ये १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी कायदा करावा लागला. मूळची भारतातील मोठ्या फुलांची थनबर्जिया वेलही ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये जंगलातील वृक्षांवर चढून त्यांस झाकून टाकते. म्हणून जलपर्णी बागेतील तळ्यातही लावू नये आणि जोमदार वेल लावण्यापूर्वी त्या प्रदेशातील तिचे वर्तन जाणून घ्यावे.